स्फोट तिकडे, वादळ इकडे

१० मे २०२४. अक्षय्य तृतीयेची रात्र, साडेदहा वाजून गेलेले. त्या सुमाराला पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला सूर्याच्या बाजूने जोराचा धक्का बसला आणि पुढच्या काही तासांत गेल्या वीस वर्षांतले सर्वांत मोठे भूचुंबकीय वादळ उभे राहिले. पुण्याच्या कसबा पेठेत कुणाला काही कळले नाही. कळणार तरी कसे? उजेडासाठी डोळे आहेत, आवाजासाठी कान आहेत, पण चुंबकक्षेत्र ओळखणारे इंद्रिय माणसाला मिळालेले नाही. शनिवारी सकाळी कसबा गणपतीच्या दर्शनाला गेलेल्यांच्या भोवतीचे चुंबकक्षेत्र आदल्या दिवसापेक्षा साधारण एक टक्क्याने दुबळे झालेले होते. तिकडे लडाखमध्ये हानलेच्या आकाशात त्या रात्री लाल ध्रुवीय प्रकाश दिसला आणि त्याची छायाचित्रे देशभर फिरली. पुण्यापासून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर, अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेतल्या यंत्रांना तर अशा प्रत्येक वादळाची नोंद ठेवण्याची शंभरहून अधिक वर्षांची सवय आहे.

अशा वेळी बातमी ठरलेली असते: सूर्यावर मोठा स्फोट झाला, म्हणून पृथ्वीवर वादळ आले. ढोबळमानाने हे खरे आहे. पण या वाक्यातला ‘म्हणून’ वाटतो तितका सरळ नाही. सूर्यावर प्रचंड स्फोट होऊनही पृथ्वीवरची चुंबकसुई हलत नाही, असे घडते. मध्यम उद्रेकातून मोठे वादळ उठते, असेही घडते. स्फोटाचा आकार आणि वादळाचा आकार यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट उभी असते. ती कळली की हा सगळा विषय उलगडतो.

आधी स्फोट म्हणजे काय ते पाहू. सूर्य घन गोळा नाही. त्याचा विषुववृत्ताजवळचा भाग सुमारे २५ दिवसांत एक फेरी पुरी करतो, ध्रुवांकडच्या भागाला त्याहून बरेच दिवस लागतात. या असमान फिरण्यामुळे आणि आतल्या खळबळीमुळे सूर्याचे चुंबकक्षेत्र ताणले जाते, पिळले जाते. जिथे ते फार दाट होऊन पृष्ठभागाबाहेर येते तिथे आपल्याला सौरडाग दिसतात. डागांवरच्या पिळलेल्या क्षेत्रात ऊर्जा साठत जाते. एका मर्यादेनंतर क्षेत्ररेषा तुटतात, नव्या रीतीने जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा काही मिनिटांत मोकळी होते.

त्यातून तीन गोष्टी निघू शकतात आणि त्या तिन्हींचा प्रवास वेगळा असतो. पहिली म्हणजे सौरज्वाला: क्ष-किरण आणि अतिनील किरणांचा झोत. हा प्रकाशच असल्याने सव्वाआठ मिनिटांत पोहोचतो, दिवस असलेल्या बाजूच्या आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, गडबड करतो आणि लघुलहरींवरचा रेडिओ थोडा वेळ मुका होतो. दुसरी म्हणजे प्रोटॉनसारखे वेगवान कण. ते अर्ध्या तासापासून काही तासांत येतात आणि उपग्रहांना व अंतराळवीरांना त्रास देतात. तिसरी गोष्ट सर्वांत संथ आणि आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाची. सूर्याच्या किरीटातला, म्हणजे सर्वांत बाहेरच्या वातावरणातला, अब्जावधी टन तप्त प्लाझ्मा आपले चुंबकक्षेत्र सोबत घेऊन अवकाशात फेकला जातो. शास्त्रज्ञ त्याला कोरोनल मास इजेक्शन म्हणतात, आपण द्रव्यमेघ म्हणू. त्याचा वेग सेकंदाला काहीशे किलोमीटरपासून तीन हजार किलोमीटरपर्यंत असतो, त्यामुळे इथे यायला त्याला साधारण एक ते चार दिवस लागतात. भूचुंबकीय वादळ उठवतो तो हा मेघ. ज्वाला आणि मेघ पुष्कळदा एकाच उद्रेकातून निघतात, म्हणून त्यांची गल्लत होते.

ही गल्लत किती फसवी आहे ते २०१४ च्या दिवाळीत दिसले. त्या ऑक्टोबरमध्ये १२१९२ क्रमांकाचा सक्रिय प्रदेश सूर्यबिंबावरून सरकत होता. चोवीस वर्षांत एवढा मोठा डाग कुणी पाहिला नव्हता, तो जवळजवळ गुरू ग्रहाएवढा पसरला होता. ग्रहणाच्या चष्म्यातून तो नुसत्या डोळ्यांना दिसत होता. त्याने एक्स वर्गाच्या, म्हणजे सर्वांत वरच्या वर्गाच्या सहा ज्वाला सोडल्या. त्यांतली सर्वांत मोठी पाडव्याच्या दिवशी, २४ ऑक्टोबरला निघाली. पण या सहांपैकी एकीबरोबरही मोठा द्रव्यमेघ सुटला नाही. डागांच्या वर कमानींसारखे पसरलेले चुंबकक्षेत्र इतके बळकट होते की खालचा उद्रेक त्याला भेदून बाहेर पडूच शकला नाही. प्रकाश आला, मेघ आला नाही, वादळ झाले नाही.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण. ४ ऑगस्ट १९७२ रोजी सूर्यावरून निघालेला मेघ अवघ्या १४.६ तासांत पृथ्वीवर धडकला. आजवर नोंदलेला हा सर्वांत जलद प्रवास आहे. चुंबकक्षेत्र इतक्या झपाट्याने हलले की उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ अमेरिकी नौदलाने पेरलेले, जहाजाच्या चुंबकत्वाने उडणारे पाणसुरुंग आपोआप फुटले. एवढ्या भयंकर मेघाने उभे केलेले वादळ मात्र, वादळ मोजण्याच्या नेहमीच्या डीएसटी निर्देशांकानुसार, जेमतेम उणे १२५ नॅनोटेस्लाचे भरले. मे २०२४ च्या वादळात हाच आकडा उणे ४०० च्या आसपास गेला होता. वेग विक्रमी आणि वादळ मध्यम, हे कसे?

उत्तर मेघातल्या चुंबकक्षेत्राच्या दिशेत आहे. पृथ्वीभोवतीचे चुंबकक्षेत्र सूर्याकडच्या बाजूला विषुववृत्तावर उत्तरेकडे तोंड करून असते. येणाऱ्या मेघाचे क्षेत्रही उत्तरमुखी असेल तर दोन्ही एकमेकांना रेटतात. आपले चुंबकावरण, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचे कवच, दबते, पण फुटत नाही. मेघाचे क्षेत्र दक्षिणमुखी असेल तर विरुद्ध दिशांच्या रेषा भेटतात, तुटतात, एकमेकींशी जोडल्या जातात आणि सूर्याच्या मेघाला आत वाट मिळते. वाड्याच्या दिंडीदरवाज्याला बाहेरून कितीही लाथा मारा, आतली कडी शाबूत असेल तर दार हादरते आणि तेवढेच. कडी काढलेली असेल तर साधा रेटाही पुरतो. मेघाचा वेग म्हणजे ती लाथ, दक्षिणमुखी क्षेत्र म्हणजे निघालेली कडी. १९७२ मध्ये लाथ अभूतपूर्व होती, पण क्षेत्र मुख्यतः उत्तरमुखी होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स डंगी यांनी १९६१ मध्ये ही जोडणीची कल्पना मांडली. माझ्या मते या विषयातले ते सर्वांत सुंदर पाऊल आहे, कारण त्यानंतर सुट्या सुट्या वाटणाऱ्या नोंदी एका ओळीत बसल्या.

वाट उघडली की आत काय होते? चुंबकावरणात ऊर्जा ओतली जाते, विद्युतभारित कण पृथ्वीच्या विषुववृत्ताभोवती हजारो किलोमीटर उंचीवर गोल फिरू लागतात आणि एक प्रचंड वलयी प्रवाह तयार होतो. त्याचे चुंबकक्षेत्र जमिनीवरच्या क्षेत्राच्या उलट दिशेला असते. म्हणून वादळात आपल्याकडे आडवे चुंबकक्षेत्र घटते. आधी मेघाच्या धक्क्याने क्षेत्र दबून एकदम थोडे वाढते, मग काही तास खाली खाली जाते, नंतर दोन-चार दिवस हळूहळू सावरते. ही आकृती सर्वांत स्वच्छ दिसते ती पुण्या-मुंबईच्या अक्षांशांवर. ध्रुवांजवळ तिथले स्थानिक प्रवाह इतका गोंधळ घालतात की वलयी प्रवाहाचा आवाज त्यात बुडून जातो. वादळाचा मिनिटामिनिटाचा निर्देशांक ठरवताना जगातल्या ज्या मोजक्या वेधशाळांच्या नोंदी घेतात, त्यांत अलिबाग आहे.

क्षेत्र एखाद्या टक्क्याने घटले तर बिघडले कुठे, असा प्रश्न इथे येतो. तो सोडवायला कसबा पेठेतल्या तांबट आळीत जावे. पेशवाईपासून तिथे तांबे ठोकून घागरी, बंब, पातेली घडतात. तिथली एखादी मठारलेली जाड परात घ्या आणि तिच्यावर बळकट लोहचुंबक नुसता ठेवा. काही होत नाही, तांब्याला चुंबक चिकटत नाही. आता तोच चुंबक परातीलगत झपाट्याने सरकवा. हाताला ओढ जाणवते, कुणीतरी मागे धरल्यासारखी. चुंबकक्षेत्र बदलले की तांब्यात विद्युत प्रवाह उमटतो आणि तो त्या बदलालाच विरोध करतो. जुन्या चुंबकमापकांतल्या झुलत्या सुईचे हेलकावे शांत करायला तांब्याची कडी वापरत ती याच गुणामुळे. क्षेत्र किती आहे याला इथे महत्त्व नाही, ते किती वेगाने बदलते याला आहे.

वादळात हाच खेळ खंडाएवढ्या मापात होतो. बदलत्या क्षेत्रामुळे जमिनीत आणि शेकडो किलोमीटर लांबीच्या वीजवाहिन्यांत नको असलेले, जवळजवळ एकदिश प्रवाह उमटतात. ते रोहित्रांच्या लोखंडी गाभ्यात शिरतात, गाभा संपृक्त होतो, रोहित्र तापते, संरक्षक यंत्रणा वाहिन्या तोडू लागते. १३ मार्च १९८९ च्या पहाटे कॅनडाच्या क्वेबेक प्रांताचे वीजजाळे दीड मिनिटात कोसळले. साठ लाख लोक नऊ तास अंधारात आणि थंडीत राहिले. आपल्या अक्षांशांवर हे प्रवाह बरेच क्षीण असतात. पण उपग्रह अक्षांश पाहत नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका साध्याच वादळाने वरचे वातावरण तापून फुगले आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ हवेच्या वाढलेल्या घर्षणाने खाली येऊन नष्ट झाले.

हे सगळे ज्ञान जिथून सुरू झाले असे म्हणता येईल, त्या गोष्टीचे एक टोक इंग्लंडमध्ये आहे आणि दुसरे मुंबईत. १ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी अकरा वाजून अठरा मिनिटांनी, रेडहिल इथल्या आपल्या खासगी वेधशाळेत रिचर्ड कॅरिंग्टन सौरडागांची आकृती काढत होते. पडद्यावर उमटलेल्या डागांच्या समूहावर अचानक पांढऱ्याशुभ्र प्रकाशाचे दोन ठिपके चमकले आणि पाच मिनिटांत विझले. हायगेटहून रिचर्ड हॉजसन यांनीही तेच पाहिले. माणसाने पाहिलेली ही पहिली सौरज्वाला. साडेसतरा तासांनी मेघ आला. दूरवरच्या, नेहमी अंधाऱ्या असणाऱ्या आकाशांत ध्रुवीय प्रकाश पसरला, तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या.

आपल्याकडे गणपतीचे दिवस होते. २ सप्टेंबरची सकाळ. मुंबईत कुलाब्याच्या दांड्यावरच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची नोंद चालू होती. डब्लिनच्या ग्रब यांनी बनवलेली यंत्रे होती. दोन धाग्यांवर टांगलेला चुंबक, त्याला जोडलेला आरसा, आणि दूर बसून दुर्बिणीतून आरशातली मोजपट्टी वाचणारा निरीक्षक. एरवी तासाला एक वाचन, आणि सुई अस्वस्थ दिसली की काही मिनिटांनी एक. इंग्लंडमधल्या क्यूच्या वेधशाळेत छायाचित्रावर नोंद करणारे आधुनिक यंत्र होते. वादळ इतके मोठे निघाले की प्रकाशाचा ठिपका कागदाबाहेर गेला. कुलाब्यात कागद नव्हता, माणूस होता. सुई मोजपट्टीवर कुठवर गेली ते तो पाहत राहिला, लिहीत राहिला. अकरा वाजायच्या सुमाराला आडवे क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरले होते. तासा-दीड तासात ते पुन्हा वरही आले.

ही वहीतली ओळ जवळजवळ दीड शतक थांबली. २००३ मध्ये अमेरिकेतले ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना व शोभना ॲलेक्स यांनी कुलाब्याच्या जुन्या नोंदी काढून त्या वादळाचे माप पुन्हा मांडले. इतिहासातल्या सर्वांत मोठ्या ज्ञात वादळांपैकी एक असलेल्या या वादळाची जगात इतकी संपूर्ण अशी कमी अक्षांशावरची नोंद दुसरीकडे मिळालेली नाही. त्या आकड्यावर वाद आहे आणि तो योग्यच आहे. घसरण फार थोडा वेळ टिकली, तासाची सरासरी घेतली तर आकडा जवळपास निम्म्यावर येतो. शिवाय ती सगळी वलयी प्रवाहामुळे झाली की भर दिवसा खाली सरकलेल्या ध्रुवीय प्रवाहांचा त्यात वाटा होता, हेही तपासले जात आहे. पण वाद घालायला आकडा आहे, कारण त्या सकाळी कुणीतरी दुर्बिणीवरून डोळा हलवला नाही. जगभरच्या विमा कंपन्या आणि वीज मंडळे आज ‘सर्वांत वाईट काय होऊ शकेल’ याचे गणित करतात, तेव्हा कुलाब्याची ती वही उघडावी लागते.

त्या वेधशाळेचा पुण्याशी जुना धागा आहे. अलिबागजवळच्या नागाव इथे १८२५ मध्ये जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे पोरवयातच कुलाब्याला प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखाली नोकरीला लागले आणि तारा, हवा, चुंबक यांची निरीक्षणे करत शिकले. पुढे ते पुण्यात गणित शिकवू लागले, लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ लिहून पंचांग आकाशाशी जुळवून घ्यावे असा आग्रह धरणारे केरूनाना ते हेच. आधी वेध, मग शास्त्रार्थ, ही शिस्त त्यांना कुलाब्याच्या रात्रपाळीने लावली असेल, असे मला वाटते.

सूर्य आणि सुई यांचे नाते मात्र सहजासहजी मान्य झाले नाही. खुद्द कॅरिंग्टन यांनी सावधगिरीचा इशारा दिला होता. १८९२ मध्ये लॉर्ड केल्विन यांनी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून हिशेब मांडला: एका वादळाच्या आठ तासांत पृथ्वीवर एवढा परिणाम करायचा तर सूर्याला चार महिन्यांच्या उष्णता-प्रकाशाएवढी शक्ती खर्चावी लागेल, म्हणून हा संबंध खोटा. हिशेब चुकला नव्हता, गृहीतक चुकले होते. सूर्य चुंबकीय लाटा सगळीकडे फेकतो असे त्यांनी धरले होते. सूर्य पदार्थाचा ढग एका दिशेला फेकतो आणि तो ढगच आपले क्षेत्र इथवर वाहून आणतो, ही शक्यता त्यांच्या विचारात नव्हती.

याच काळात कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभॉय मूस साठ वर्षांच्या नोंदी घेऊन बसले होते. १९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ च्या चुंबकीय निरीक्षणांचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. अनेक वादळे त्यांच्या आरंभक्षणाशी जुळवून एकत्र मांडली की आधीची उसळी, मग घसरण, मग संथ सावरणे ही समान आकृती दिसते, हे त्यांनी दाखवले. मूस यांच्यापुढे एक संकट मुंबईचेच होते. शहरात विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह सुईला भरकटवणार होता. मूस यांनी अलिबागला समुद्रकाठी लोखंडाचा खिळाही नसलेली इमारत उभी करून १९०४ मध्ये नोंदी सुरू केल्या आणि १९०६ पर्यंत कुलाबा व अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी वाचने घेतली. जुनी आणि नवी मालिका जोडण्यासाठी ही दोन वर्षांची धडपड. १८४१ पासून आजवर ही मालिका अखंड आहे. आज कसबा पेठेखालून भुयारी मेट्रो धावते, इथे तसले यंत्र मांडण्याचा विचारही करता येणार नाही.

सूर्याच्या बाजूचा अभ्यासही कसब्याच्या समोरच्याच तीरावर झाला आहे. मुठेपलीकडे, आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या म्हणजे त्या वेळच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. कावसजी नायगामवाला तिचे प्रमुख. वीस इंची आरशाची तिथली दुर्बीणही डब्लिनच्या ग्रबचीच. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगामवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून बसले आणि किरीट व वर्णावरणाचे वर्णपट त्यांनी टिपले. १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद झाली, यंत्रे कोडाईकनालला गेली. पुण्यातून सूर्य पाहण्याची परंपरा तिथे तुटली याचे वाईट वाटते. ती पुन्हा जुळायला शंभर वर्षे जावी लागली.

गणेशखिंडीतल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश यांच्या नेतृत्वाखाली ‘सूट’ नावाची अतिनील दुर्बीण घडली. भारताच्या आदित्य-एल१ या सौरयानातून ती २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाली, कुलाब्याच्या त्या सकाळनंतर बरोबर १६४ वर्षांनी, आणि ६ जानेवारी २०२४ ला यान पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवरच्या लॅग्रांज बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावले. २०० ते ४०० नॅनोमीटरमधल्या ज्या अतिनील प्रकाशाचा बराचसा भाग आपले वातावरण अडवते, त्यात ‘सूट’ पूर्ण सूर्यबिंबाची चित्रे घेते. ज्वाला कुठल्या थरात पेटते, कशी पसरते, ते त्यातून दिसते. त्याच यानावर चुंबकमापकही आहे, आणि मे २०२४ चा मेघ पृथ्वीवर येण्याआधी त्या मापकावरून गेला.

तरीही मूळ अडचण उरतेच. मेघ निघताना तो किती मोठा, किती वेगाचा आणि साधारण कधी पोहोचेल हे आता ढोबळमानाने सांगता येते. त्याच्यातला पीळ कोणत्या बाजूचा आहे याचाही अंदाज सूर्यावरच्या त्या जागेच्या चुंबकनकाशावरून बांधता येतो. पण वाटेत मेघ वळतो, सौरवाऱ्यात दबतो, मागून आलेला वेगवान मेघ पुढच्यात घुसतो. मे २०२४ मध्ये एकाच सक्रिय प्रदेशातून ओळीने निघालेले अनेक मेघ असेच एकमेकांवर चढले आणि त्यांचे क्षेत्र दाबले जाऊन कमालीचे तीव्र झाले. इथे पोहोचेपर्यंत ते उत्तरमुखी राहील की दक्षिणमुखी होईल, हे दोन दिवस आधी खात्रीने सांगण्याची पद्धत अजून कुणाकडे नाही. लॅग्रांज बिंदूवरचा चुंबकमापक दिशा सांगतो, पण सेकंदाला आठशे किलोमीटर वेगाच्या मेघाला तिथून पृथ्वी गाठायला अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात वीजजाळ्याचे नियंत्रक लांब वाहिन्यांवरचा भार उतरवू शकतात, उपग्रहांचे चालक नाजूक उपकरणे बंद करू शकतात, ध्रुवाजवळून जाणारी विमाने दक्षिणेकडचा मार्ग धरू शकतात.